अवयवदानाचा ‘हो’ नेमका कोण म्हणतं?

[००:००] आधी एक साधा प्रश्न

आजचा भाग ऐकण्याऐवजी वाचत असाल, तर हे त्याचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’, ‘बघा’ आणि मधले हॉर्न काढलेत, बाकी जसंच्या तसं आहे.

तुमच्यापैकी किती जणांकडे ड्रायव्हिंग लायसन्स आहे? बरेच असतील. नागपुरात गाडीशिवाय भागत नाही. आता आठवा, लायसन्सच्या अर्जात एक प्रश्न होता: अपघाती मृत्यू झाल्यास अवयवदान करण्याची तुमची इच्छा आहे का? तुम्ही काय लिहिलं होतं?

नाही ना आठवत? बऱ्याच जणांचा अर्ज एजंटने किंवा सायबर कॅफेवाल्या दादाने भरलेला असतो. म्हणजे आपल्या हृदयाचा, यकृताचा, किडन्यांचा प्रश्न रक्तगटाचा रकाना आणि पिनकोड यांच्या मधोमध कुठेतरी येऊन गेला आणि आपल्याला कळलंही नाही.

आज मी तुम्हाला ‘अवयवदान करा हो’ असं सांगायला बसलेलो नाही. ते पोस्टर मेट्रोच्या खांबावर असतंच. मला समजून घ्यायचंय ते असं: विचारलं तर बहुतेक लोक म्हणतात, ‘चांगली गोष्ट आहे.’ मग प्रत्यक्षात हे इतकं कमी का घडतं? २०२३ मध्ये आख्ख्या भारतात मृत्यूनंतर अवयव दिलेल्या व्यक्ती साधारण ११०० होत्या. दर दहा लाख लोकांमागे एकसुद्धा नाही. स्पेनमध्ये हाच आकडा पन्नासच्या घरात आहे. स्पेनमधली माणसं आपल्यापेक्षा पन्नास पट दयाळू आहेत का? मला नाही वाटत. फरक डोक्यात निर्णय कसा होतो, यात आहे.

[०२:१०] तीन दानं, एक गोंधळ

पुढे जायच्या आधी एक गोंधळ मिटवू. आपल्याकडे नेत्रदान, देहदान आणि अवयवदान हे तीन शब्द एकाच दमात घेतले जातात.

नेत्रदान घरी झालेल्या नैसर्गिक मृत्यूनंतरही होतं, साधारण सहा तासांच्या आत. देहदान म्हणजे पूर्ण देह मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागाला देणं, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी. मराठवाड्यात जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी देहदान केलं होतं. २०१० मध्ये त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला दिला गेला.

हृदय, यकृत, फुप्फुसं, किडनी यांचं मृत्यूनंतरचं दान मात्र भारतात जवळपास एकाच परिस्थितीत होतं: माणूस आयसीयूमध्ये व्हेंटिलेटरवर असताना ब्रेन डेड घोषित झाला तर. डोक्याला जबर मार लागला, मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, अशा वेळी. म्हणजे ही संधी फार थोड्या मृत्यूंमध्ये येते. आणि येते तेव्हा पेशंट बोलू शकत नाही. बोलायचं असतं बाहेर बाकावर बसलेल्यांनी.

[०३:३०] छाती हलतेय, मग मृत्यू कसा?

आता त्या बाकावर बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. आत तुमचा भाऊ आहे. मॉनिटरवर नाडी दिसतेय. छाती वरखाली होतेय. हात गरम आहे. आणि डॉक्टर सांगताहेत, ‘ते गेलेत.’

मेंदू काय म्हणेल? ‘खोटं.’ हजारो वर्षं माणसाने मृत्यू ओळखला तो थंड पडलेल्या अंगावरून, थांबलेल्या श्वासावरून. ब्रेन डेड ही कल्पना वैद्यकशास्त्रात रुजायला लागली १९६८ मध्ये, हार्वर्डच्या एका समितीच्या अहवालापासून. म्हणजे साठ वर्षंसुद्धा झाली नाहीत. आपल्या डोळ्यांना तिची सवयच नाही.

म्हणून फरक नीट समजून घ्या. कोमामध्ये मेंदू जिवंत असतो, तो बरा होण्याची शक्यता असते. ब्रेन डेडमध्ये मेंदू आणि त्याचा देठ, ज्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात, दोन्हींचं काम कायमचं थांबलेलं असतं. श्वास घेण्याचा आदेश तिथून येतो. तो आदेशच बंद. छाती हलते ती मशीन हवा ढकलतं म्हणून. हृदयाला स्वतःची लय असते, त्यामुळे ऑक्सिजन मिळतोय तोवर ते थोडा काळ धडधडत राहतं.

भारतात यासाठी १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे. महाराष्ट्र हा तो लागू करणाऱ्या अगदी पहिल्या राज्यांपैकी एक. चार डॉक्टरांचं मंडळ तपासणी करतं आणि त्यातला एकही प्रत्यारोपणाच्या टीममधला नसतो. तपासणी दोनदा होते, मध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवून. त्यात एक चाचणी अशी असते: ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटरचा आधार काही मिनिटं काढतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की जिवंत मेंदू गप्प बसूच शकत नाही, तो श्वास घ्यायला लावतोच. तरीही छाती हलली नाही, तर उत्तर मिळालेलं असतं.

हे सहा तास कायद्याने ठेवले ते खात्रीसाठी. पण घरच्यांच्या मनालाही ते लागतात. मृत्यूची बातमी आणि दानाचा प्रश्न एकाच वाक्यात आला, तर कानावर असं पडतं: ‘यांना अवयव हवेत म्हणून हे आमच्या माणसाला मेला म्हणताहेत.’ म्हणून चांगले समन्वयक आधी मृत्यू समजावतात, घरच्यांना तो पचू देतात, आणि मग दुसऱ्या बैठकीत दानाचं विचारतात. हे अंतर ठेवल्याने होकार वाढतो, असा जगभरचा अनुभव आहे.

[०६:००] चार भावना, ज्या फॉर्मवर लिहिलेल्या नसतात

समजा, माहिती सगळी पटली. तरी हात थांबतो. का?

२०११ मध्ये स्कॉटलंडमधले मानसशास्त्रज्ञ रोनन ओ’कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थांबण्यामागच्या भावना मोजल्या. माहितीच्या परीक्षेत पास झालेला माणूससुद्धा ज्या भावनांपाशी अडतो, त्या मुख्य चार. मी त्यांना आपली नावं देतो.

पहिली: अपशकुन. फॉर्म भरला आणि तसंच झालं तर? आपल्याकडे घराघरांत सांगतात, वास्तू तथास्तु म्हणते. ‘शुभ बोल रे नाऱ्या’ तर आपल्या जिभेवरच असतं. पण ही फक्त आपली खोड नाही हां. २००८ मध्ये जेन रायझन आणि थॉमस गिलोविच यांनी अमेरिकी लोकांवर प्रयोग केले. छत्री घरी ठेवली की पाऊस येणारच, असं तिथल्याही लोकांना वाटतं. कारण साधं आहे: वाईट चित्र मनात चटकन उभं राहतं, आणि जे चटकन दिसतं ते जास्त शक्य वाटतं. फॉर्म भरताना तुम्ही स्वतःचा अपघात डोळ्यांसमोर आणता, म्हणून तो जवळ आल्यासारखा वाटतो. शक्यता तीच असते, जी फॉर्मच्या आधी होती. वर्धा रोडवर हेल्मेट न घालता निघाल्याने ती नक्की वाढते, सही केल्याने नाही.

दुसरी: शिसारी. शरीर उघडणार, आतलं काढणार, हा विचारच नको वाटतो. याला उत्तर युक्तिवादाने देता येत नाही. इतकं सांगता येतं की ही शस्त्रक्रिया ऑपरेशन थिएटरमध्येच, बाकीच्या शस्त्रक्रियांसारखी होते. नंतर टाके घालून देह सन्मानाने परत देतात आणि अंत्यदर्शन नेहमीसारखं घेता येतं.

तिसरी: देह अखंड राहावा ही इच्छा. ‘पुढच्या जन्मी डोळे नसतील’ हे वाक्य तुम्ही आजीकडून ऐकलं असेल. गंमत बघा, आपल्याच परंपरेत दधीची ऋषींनी वज्रासाठी आपली हाडं दिली. जातककथांमध्ये राजा शिवी मागणाऱ्याला आपले डोळे काढून देतो. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, तिथे दान ही पारमिता आहे हे वेगळं सांगायची गरज नाही. भीतीची गोष्ट आहे, तशी देण्याचीही आहे. कोणती गोष्ट घरात जास्त सांगितली जाते, त्यावर मन ठरतं.

चौथी: अविश्वास. ‘मी दाता आहे कळलं तर डॉक्टर मला वाचवायचा प्रयत्नच करणार नाहीत.’ ही भीती हसण्यावारी नेऊ नका. किडनी रॅकेटच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत, २००८ चं गुरगावचं प्रकरण देशभर गाजलं. पण तिथे काय झालं होतं? जिवंत, गरीब माणसांच्या किडन्या पैशांसाठी काढल्या गेल्या. ब्रेन डेड व्यक्तीच्या दानात उपचार करणारे वेगळे, मृत्यू प्रमाणित करणारे ठरलेले चार जण, प्रत्यारोपण करणारे आणखी वेगळे. अवयव कोणाला जायचा हे रुग्णालय आपल्या मनाने ठरवत नाही. त्यासाठी महाराष्ट्रात मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि आपल्या नागपुरात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे. प्रतीक्षायादी तिथे असते. नागपूरच्या केंद्राकडे विदर्भ येतो.

आणि पैशांचं म्हणाल तर होकार दिल्यानंतर दात्याला व्हेंटिलेटरवर ठेवण्याचा, अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. २०१४ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. हे विचारायला लाज वाटून घेऊ नका. आयसीयूच्या बिलाने आधीच घायकुतीला आलेल्या माणसाच्या मनात हा प्रश्न पहिल्यांदा येतो.

[०९:२०] ‘नाही’ इतकं सोपं का?

आता येतो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग.

२००३ मध्ये एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. जर्मनी आणि ऑस्ट्रिया, दोन्ही शेजारी, भाषा एक. जर्मनीत संमती होती १२ टक्के लोकांची, ऑस्ट्रियात जवळपास १०० टक्के. कारण? जर्मनीत दाता व्हायचं तर स्वतःहून नाव नोंदवायचं. ऑस्ट्रियात तुम्ही दाते आहातच, नको असेल तर नाव काढायचं. दोन्हीकडच्या बहुतेकांनी काहीच केलं नाही. त्यांनी एक प्रयोगही केला. ‘नोंदणी करा’ असं विचारलं तर ४२ टक्के दाते झाले. ‘नको असेल तर सांगा’ म्हटलं तर ८२ टक्के. आणि काहीच आधी न ठरवता ‘हो की नाही, निवडा’ म्हटलं तर ७९ टक्के!

मोबाइलमध्ये नवीन अ‍ॅप टाकल्यावर किती जण सेटिंग्ज बदलतात? तसंच हे. याला डिफॉल्ट म्हणतात.

मग भारतानेही कायदा उलटा करावा का? इतकं सोपं नाही. ऑस्ट्रियातला तो आकडा कागदावरच्या संमतीचा आहे, प्रत्यक्ष दानाचा नाही. स्पेनमध्ये गृहीत संमतीचा कायदा १९७९ मध्ये आला, पण आकडे चढले ते १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिल्यावर. रुग्णालयांमध्ये खास तयार केलेले समन्वयक नेमले गेले. आणि कायदा काहीही असो, तिथे आजही कुटुंबाला विचारतात. ती संघटना उभारणारे राफाएल मातेसान्झ कायम सांगत आले की श्रेय कायद्याचं नाही, यंत्रणेचं आहे.

आपल्याकडेही तेच. तुमचं दात्याचं कार्ड असलं तरी रुग्णालय प्रत्यक्षात जवळच्या नातेवाइकांच्या संमतीशिवाय पुढे जात नाही. म्हणजे भारतात खरा डिफॉल्ट फॉर्मवर नाही, घरात आहे. आणि घरातला डिफॉल्ट आहे ‘नाही’.

का? कारण ‘नाही’ म्हटलं की काहीच घडत नाही. कोणी जाब विचारत नाही. ‘हो’ म्हटलं आणि उद्या मोठे काका म्हणाले, ‘पोराची चिरफाड केली तुम्ही’, तर? मानसशास्त्रात यावर इलाना रिटोव्ह आणि जोनाथन बॅरन यांचं १९९० चं काम प्रसिद्ध आहे. लसीच्या उदाहरणावरून त्यांनी दाखवलं की आपण केलेल्या गोष्टीने झालेलं नुकसान आपल्याला, काही न केल्याने झालेल्या नुकसानापेक्षा जास्त बोचतं. दुसरं मोठं असलं तरी.

त्यात भर म्हणजे ज्याला अवयव मिळणार तो दिसत नाही. २००७ च्या एका प्रयोगात लोकांनी एका मुलीचं नाव आणि फोटो बघून जास्त मदत दिली, लाखो भुकेल्यांची आकडेवारी वाचून कमी. आयसीयूमध्ये हे उलटं काम करतं. डोळ्यांसमोर चेहरा आहे तो आपल्या माणसाचा. डायलिसिसच्या खुर्चीवर आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास बसणारा माणूस म्हणजे यादीतला फक्त एक क्रमांक.

वर घड्याळ चालू असतं. काढलेलं हृदय साधारण चार ते सहा तासांतच दुसऱ्या शरीरात सुरू व्हावं लागतं. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, गाडीने साधारण आठ तास. म्हणजे हृदय मुंबईला द्यायचं तर विमानच. रस्ते मोकळे करून केलेल्या ग्रीन कॉरिडॉरच्या बातम्या तुम्ही बघता, त्या या हिशोबामुळे. असा निर्णय, इतक्या घाईत, आयुष्यातल्या सगळ्यात वाईट रात्री, न झोपलेल्या माणसाने घ्यायचा. तो ‘नाही’ म्हणाला तर त्याला स्वार्थी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

[१२:३०] एक वाक्य सगळं फिरवतं

पण या साखळीत एक जागा अशी आहे, जिथे तुमचा-माझा हात पोचतो.

नातेवाइकांच्या निर्णयावर अनेक देशांत अभ्यास झालेत. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: गेलेल्या माणसाची इच्छा घरच्यांना आधी माहीत असेल, तर होकाराचं प्रमाण खूप वाढतं. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल. इच्छा माहीत नसते तेव्हा ‘हो’ म्हणणं ही कृती असते आणि ‘नाही’ म्हणणं सुरक्षित. पण ‘मला द्यायचेत’ असं तो सांगून गेला असेल, तर ‘नाही’ म्हणणं हीच कृती होते, त्याचा शब्द मोडण्याची. डिफॉल्ट उलटला. कायदा न बदलता, संसदेत न जाता.

आणि मोठ्या काकांनाही उत्तर मिळतं: ‘आम्ही नाही ठरवलं, त्यानेच सांगितलं होतं.’ आयसीयूबाहेर बसलेल्या आईबाबांना यापेक्षा मोठा आधार आपण देऊ शकत नाही. ‘नको’ ही इच्छा असेल तरी तेच. ती सांगून ठेवली तर त्यांना वर्षानुवर्षं ‘आपण चुकलो का’ म्हणत कुढावं लागत नाही.

माझ्या घरी मी हा विषय काढला तेव्हा आई म्हणाली, “जेवताना हेच सुचते का तुले? शुभ बोल नं.” बाबा टीव्हीचा आवाज वाढवून मोकळे. मी तिथेच थांबलो. चार दिवसांनी पोळ्या लाटता लाटता तिनेच विचारलं, “पण मग बॉडी घरी केव्हा देतात?” हा प्रश्न ऐकून मला कळलं की ती चार दिवस विचार करून राहिली होती. मी सांगितलं, अपघाताची केस असेल तर पोलीस आणि पोस्टमॉर्टेमही असतं, त्यामुळे वेळ लागतो, पण देह घरी येतो. ती म्हणाली, “माझं अजून ठरलं नाही. तुझं मात्र ऐकून ठेवलं.” मला तेवढं पुरेसं आहे.

[१४:१०] मग करायचं काय?

चार गोष्टी, कुठल्याही क्रमाने.

एक, आधी स्वतःशी बोला. वरच्या चार भावनांपैकी तुमची कोणती? नाव दिलं की ती थोडी आटोक्यात येते. डोळे नको पण किडनी चालेल, असं वाटत असेल तर तेही मान्य आहे. कोणते अवयव द्यायचे ते निवडता येतं.

दोन, ठरलं तर नोंदणी करा. वय अठरा पूर्ण हवं. राष्ट्रीय संस्था ‘नोटो’च्या पोर्टलवर आधार आणि ओटीपीने होते, दोन मिनिटांचं काम. मन बदललं तर नाव काढताही येतं.

तीन, घरात सांगा. कायद्यातले जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा किंवा बायको, आईवडील, मुलं, भाऊबहीण, आजीआजोबा, नातवंडं. ज्याचा शब्द तुमच्या घरात शेवटचा असतो, त्या एका माणसाला नक्की सांगा. सणाच्या दिवशी किंवा कोणी आजारी असताना विषय काढू नका. बातमी आली, सिनेमात दिसलं, अशा वेळी सहज काढा. आणि पहिल्याच दिवशी उत्तर मागू नका.

चार, त्यांनाही विचारा. भारतात बहुतेक प्रत्यारोपणं आजही जिवंत नातेवाइकांच्या अवयवांवर होतात, आणि त्या दात्यांमध्ये बायका खूप जास्त आहेत. आई, बायको, बहीण. ‘घरातलंच कोणीतरी देईल’ म्हणताना ते ‘कोणीतरी’ बहुतेकदा कोण असतं, ते बघा. मृत्यूनंतरचं दान वाढलं तर एखाद्या आईला आपली किडनी काढून द्यावी लागणार नाही.

तुमच्या घरी हे बोलणं कसं झालं, कोणता प्रश्न अडला, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. आपल्या भाषेत, आपल्या ढंगात. जे प्रश्न जास्त येतील ते घेऊन एखाद्या समन्वयकाशी बोलण्याचा माझा विचार आहे. तोवर गाडी हळू चालवा, हेल्मेट घाला, आणि आज रात्री जेवण झाल्यावर, टीव्ही बंद असेल तर, विषय काढून बघा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!